प्रलेखन-संकेतस्थळ : प्राथमिक धड्यांनंतरचे मराठी टप्पे

प्रस्तावना : संगणकप्रणालीची माहितीपुस्तिका संकेतस्थळाच्या रूपात सिद्ध करण्यासाठी आज अनेक मुक्त साधने उपलब्ध आहेत. फेसबुक कंपनीने २०१७ मध्ये खुले केलेले डॉक्युसॉरस हे त्यांपैकी एक होय. पान लिहिणे, बांधणी करणे व स्थळ प्रकाशित करणे हे धडे कोल्हापुरातील आमचे पदवीचे विद्यार्थी एका दुपारी आत्मसात करतात. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या ज्या विद्यार्थ्यासाठी पुस्तिका लिहावयाची, त्याचे काम तेवढ्याने भागत नाही. त्यापुढे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम परिभाषा निश्चित करावी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिभाषासंग्रहाचा खंड मात्र त्यापूर्वीच, १९७३ मध्ये निघाला होता. हा क्रम अर्थपूर्ण आहे. एका पानावर ‘फाइल’, दुसऱ्यावर ‘धारिका’ व तिसऱ्यावर ‘संचिका’ आल्यास वाचक त्या तीन वस्तू समजतो. (प्रस्तुत लेखकास ‘फाइल’च बरी वाटते.)

शोधाचा प्रश्न अधिक अवघड आहे. डॉक्युसॉरसमध्ये शोधसुविधा स्वतंत्रपणे जोडावी लागते. ती जोडल्यावरही मराठीची अडचण उरतेच, कारण प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘पत्ता’ शोधणाऱ्यास ‘पत्त्यावर’ असा उल्लेख असलेले पान सापडेलच असे नाही. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, अथवा साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द असतात. म्हणून पानांतील मजकूर व वाचकाने टंकित केलेला शब्द, दोन्ही एकाच रूपात आणणारी छोटी आज्ञावली लिहावी. प्रत्येक पानाच्या पहिल्या परिच्छेदात मुख्य शब्द मूळ रूपात आवर्जून योजावा.

दुव्यांबाबतही दक्षता हवी. उपशीर्षकाचा पत्ता हे साधन त्याच्या शब्दांतूनच तयार करते. साहजिकच एखादी वेलांटी सुधारली, तरी जुना दुवा निकामी होतो. यासाठी उपशीर्षकापुढे महिरपी कंसात रोमन लिपीतील कायमची खूण द्यावी. हरवलेल्या पानाकडे जाणारा दुवा आढळल्यास बांधणी थांबते; हरवलेल्या खुणेबाबत मात्र केवळ इशारा मिळतो, आणि आमचे विद्यार्थी इशारे वाचत नाहीत.

जुन्या आवृत्त्या जतन करण्याची सोय आकर्षक आहे. परंतु बहुतेक स्थळांना तिची गरज नसते, असे साधनकर्तेच सांगतात. पाच पानांच्या तीन आवृत्त्या करण्यापेक्षा ती पाने, प्रणाली कधीही न पाहिलेल्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. तो जेथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहावे.