नाडी कुणी पाहिली?

मुळशी खोऱ्यात कुणाला फिट आली की आजही कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतं. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय किल्ल्यांना जातं. या धांदलीत नाडी कुणी पाहत नाही. वैद्यकशास्त्रानेही ती फार उशिरा नीट पाहिली.

खरं तर सुरुवात लवकर झाली होती. १९०६ मध्ये ए. ई. रसेल या डॉक्टरने फिट सुरू होताना नाडी थांबल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पण फिट मेंदूची आणि ठोके हृदयाचे, अशी वाटणी पुढे पक्की होत गेली. १९२४ मध्ये हृदयाचा आलेख काढणाऱ्या आइंटहोवन यांना नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख टिपला. हे दोन्ही आलेख फिट चालू असताना शेजारी शेजारी पाहणं नेहमीचं व्हायला मात्र बराच काळ लागला.

ते पाहिल्यावर चित्र उलगडलं. बहुतेक झटक्यांत ठोके वाढतात, कारण मेंदूतली खळबळ स्वायत्त मज्जासंस्थेपर्यंत पोचते आणि शरीरात ॲड्रेनालिन उसळतं. क्वचित उलटं होतं. विशेषतः कानशिलामागच्या, म्हणजे टेम्पोरल भागातून येणाऱ्या फिटमध्ये हृदय काही सेकंद थांबतं आणि माणूस एकदम गळून पडतो. ते बहुधा आपोआप पुन्हा सुरू होतं. तरी काहींना पेसमेकर बसवावा लागतो.

जिवाचा धोका मात्र वेगळ्याच जागी निघाला. फिटच्या रुग्णाचा अचानक, दुसरं कारण न सापडता होणारा मृत्यू ‘सुडेप’ या नावाने ओळखला जातो. लीना नाशेफ यांनी १९९७ मध्ये त्याची व्याख्या बांधून दिली. प्रौढ रुग्णांत तो वर्षाला हजारात सुमारे एकाला येतो. २०१३ मध्ये फिलिप रिव्हलिन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात यंत्रांच्या नजरेखाली घडलेले असे १६ मृत्यू तपासले. ज्यांचे आलेख पुरेसे होते, त्या सगळ्यांत अंगभर झटका येऊन गेल्यावर आधी श्वास बंद पडला, मग हृदय. बहुतेक घटना रात्रीच्या, आणि रुग्ण बरेचदा पालथे. हृदयाला दोष देत बसण्यापेक्षा झटका येऊच न देणं हाच उपाय, हे यातून माझ्या मते सर्वात ठळकपणे निघतं.

आणि त्याची औषधं तर कधीचीच हाती होती. फेनोबार्बिटोन १९१२ पासून, फेनिटोइन १९३८ पासून. आपल्याकडे गार्डिनाल आणि एप्टॉइन म्हणून ओळखीची झालेली. (गंमत अशी, की फेनिटोइन शिरेतून घाईने टोचलं तर हृदयाची लय बिघडते आणि एकेकाळी तेच औषध बिघडलेल्या लयीवर दिलं जाई.) विज्ञान पुढे गेलं, पण गोळी वाडीपर्यंत पोचून रोज पोटात जाण्यात अडलं. नवससायास, लग्न मोडण्याची भीती, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर सोडलेला डोस. १९७६ च्या दुरुस्तीने तर हिंदू विवाह कायद्यातच फिटच्या आजाराची आडकाठी घातली होती. ती १९९९ मध्ये निघाली. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनची ग्रामीण शिबिरं आणि पुण्यातल्या यशोदा वाकणकर यांचं ‘संवेदना’ यांनी हा आजार दाराबाहेर आणला, हे मोठंच काम.

तपासणीचं म्हणाल तर मुळशीतल्या पौडहून ईईजी (मेंदूचा आलेख), एमआरआयसाठी गाडी पुण्याच्या चांदणी चौकाकडे वळते, ते ठीक. पण पहिल्या फिटनंतर साधा ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, काढायला मोठं रुग्णालय लागत नाही आणि तो चुकवूही नये. काही वेळा ‘फिट’ म्हणून वर्षानुवर्षं औषध घेतलेला त्रास मुळात हृदयाच्या लयीचा असतो. लाँग क्यूटी हा लयीचा आजार त्याचं ठरलेलं उदाहरण.

घरात फिटचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. झटका आला तर तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटं उलटली, किंवा झटका थांबूनही श्वास नीट सुरू झाला नाही, तर लगेच १०८ ला फोन लावा.