जागा आहे, बिल्ले संपले

विंडोज ९५ किंवा ९८ वर ज्यांनी दिवस दिवस काम केलं आहे, त्यांना हे नक्की आठवेल. पाच-सहा प्रोग्राम उघडे असायचे आणि अचानक सूचना यायची, सिस्टिम रिसोर्सेस कमी पडताहेत. मेनूतली अक्षरं गायब व्हायची, बटणांच्या जागी काळे चौकोन उरायचे. मग लोक पदरमोड करून रॅम वाढवायचे, ३२ एमबीची ६४ एमबी करायचे. मशीन झरझर चालायला लागायचं आणि संध्याकाळी पुन्हा तीच सूचना.

मेमरी रिकामी पडलेली असताना कॉम्प्युटरला टंचाई कशाची होती?

पडद्यावर दिसणाऱ्या एकूण एक गोष्टीची विंडोजला नोंद ठेवावी लागते. खिडकीतलं बटण हीसुद्धा विंडोजच्या लेखी बहुतेक वेळा एक छोटी खिडकीच असते. रेघ ओढायला ‘पेन’ लागतं, रंग भरायला ‘ब्रश’, अक्षरं काढायला ‘फॉन्ट’. हा संसार दोघे जण सांभाळतात. खिडक्या आणि मेनू ‘यूजर’कडे, चित्रकाम ‘जीडीआय’कडे. विंडोज ३.१ च्या काळात, म्हणजे १९९२ साली, या नोंदींची फडताळं ६४ केबीच्या मापाची होती.

हे माप आलं १६ बिटांच्या पत्त्यातून. एक बिट म्हणजे शून्य किंवा एक. दोन बिटांत चार पत्ते लिहिता येतात, तीन बिटांत आठ. असं दुप्पट करत सोळापर्यंत गेलं की ६५,५३६ येतात आणि तिथेच थांबतात. पुढची जागा असली तरी तिचा पत्ता लिहिता येत नाही. विंडोज ९५ ने बऱ्याच नोंदी मोठ्या, ३२ बिटांच्या फडताळात हलवल्या. पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून काही नोंदी त्याच जुन्या कप्प्यांत ठेवाव्या लागल्या. ६४ एमबीच्या मशीनमध्ये असा एक कप्पा म्हणजे मेमरीचा १,०२४ वा भाग! तो भरला की बाकीच्या १,०२३ भागांचा काहीच उपयोग नाही.

जुना, १६ बिटांचा प्रोग्राम बंद करूनही कप्पा लगेच रिकामा होत नसे. त्याने घेतलेली वस्तू दुसरा एखादा जुना प्रोग्राम वापरत असेल, या शक्यतेपोटी विंडोज ९५ असे सगळे प्रोग्राम बंद होईपर्यंत तिला हात लावत नसे.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, ते ९५-९८ च्या नव्हे, तर ‘एनटी’ या वेगळ्या विंडोजच्या पायावर उभं होतं. ६४ केबीचे कप्पे गेले. मला खरं थक्क केलं ते यापुढच्या गोष्टीने. विंडोज आजही प्रत्येक पेन, ब्रश, खिडकीला एक क्रमांक देतं, त्याला ‘हँडल’ म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्लाच तो. या बिल्ल्यावर रकान्याचा नंबर लिहायला जागा आहे १६ बिटांची. म्हणजे पुन्हा तेच ६५,५३६! शिवाय एका प्रोग्रामला एरवी १०,००० हून जास्त जीडीआय बिल्ले मिळत नाहीत. १६ जीबी रॅमच्या मशीनवरही एखादा प्रोग्राम बिल्ले घेत राहिला आणि परत करायला विसरला, तर आवार मोकळं असूनही त्याला दारात अडावं लागतं.

म्हणून कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की आधी लक्षणं पाहावीत. रॅम कमी पडली तर सगळंच मंदावतं, कारण मेमरीतला मजकूर डिस्कवर न्यायचा-आणायचा असतो. बिल्ले संपले तर वेग तसाच राहतो, पण खिडक्या कोऱ्या उघडतात, मेनू अर्धे दिसतात. पहिल्या दुखण्यावर रॅम हे औषध आहे. दुसऱ्यावर उपाय एकच, गळका प्रोग्राम शोधणं.

तो शोधणं अवघड नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिटेल्स’वर जा, वरच्या शीर्षकांवर राइट क्लिक करून ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हे रकाने निवडा. दर अर्ध्या तासाने आकडे टिपून ठेवा. निरोगी प्रोग्रामचा आकडा चढतो आणि उतरतो. गळक्याचा नुसता चढत जातो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की सुटका होते, कारण आता प्रोग्राम बंद होताच विंडोज त्याचे सगळे बिल्ले जमा करून घेतं.

काही बिघडलेलं नसतानाही हे एकदा करून पाहा. एखाद्या फाइलची ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी उघडा आणि एक्सप्लोररसमोरचा आकडा न्याहाळा. एका क्लिकसरशी तो वर जातो. खिडकी बंद करा, खाली येतो. बिल्ले परत आले.