हरियालाच्या दोन जाती

महाराष्ट्राचा राज्यपक्षी होण्याचा मान हरियालाला लाभला आहे. पारव्याच्या कुळातील हा पक्षी हरोळी या नावानेही ओळखला जातो. सह्याद्रीत त्याची एक भावकी नांदते, हे मात्र फारसे परिचित नाही. या दोन जातींतील फरक अभ्यासकांप्रमाणेच गावचा कारभार पाहणाऱ्यांनीही जाणून घेण्याजोगा आहे.

राज्यपक्षी असलेल्या हरियालाचे पाय पिवळेधमक असतात. लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर, डोके राखी आणि खांद्यावर जांभळट डाग, ही त्याची ओळख होय. नर व मादी जवळजवळ सारखेच दिसतात. करड्या कपाळाचा हरियाल आकाराने लहान, म्हणजे सुमारे २७ सेंटीमीटर असून त्याचे पाय तांबूस असतात. त्यातील नराची पाठ गर्द तांबडी, तर मादीची हिरवी असते. पूर्वी श्रीलंका, अंदमान इत्यादी ठिकाणच्या हरियालांसह त्याची गणना एकाच जातीत होत असे. आता तो स्वतंत्र जाती मानला जातो व पश्चिम घाटाच्या परिसराखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही.

दोन्ही जाती थव्याने राहतात, क्वचितच जमिनीवर उतरतात आणि प्रामुख्याने फळांवर जगतात. वड, पिंपळ व उंबर यांची फळे त्यांना विशेष प्रिय आहेत. या वृक्षांचे परागीभवन फळातच वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांमुळे होते. एक झाड फळून गेले, तरी कीटकांना दुसरे झाड मिळावे लागते. त्यामुळे एकाच जातीची झाडेही निरनिराळ्या वेळी फळतात. इतर फळांचा हंगाम संपला, तरी पक्ष्यांचा चरितार्थ चालतो तो यामुळेच.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरियालाची शिकार निषिद्ध आहे. परंतु केवळ शिकारबंदीने भागत नाही. करड्या कपाळाच्या हरियालाचे भवितव्य आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरील घनदाट अरण्यावर अवलंबून आहे. पिवळ्या पायांचा हरियाल मात्र गावालगतच्या आमराईत, देवळापुढील पिंपळावर आणि रस्त्याकडेच्या वडावरही राहतो. म्हणजेच, पहिल्याचे रक्षण मुख्यतः वनविभागाच्या हाती, तर दुसऱ्याचे बरेचसे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

रस्तारुंदीकरणात जुना वड तोडला गेला, तर त्याची जागा नवे रोप कित्येक वर्षे घेऊ शकत नाही. म्हणून गावातील अशा वृक्षांची नोंद ठेवणे, शक्य तेथे ते वाचविणे आणि वृक्षलागवडीत वड, पिंपळ व उंबर यांचा समावेश करणे अगत्याचे आहे. शाळांनी नोंदीचे हे काम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना राज्यपक्ष्याचा परिचय पुस्तकाबाहेरही घडेल.