सांगितल्यावरचा भाव
(बाजार समजून घेताना : लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण सकाळी नऊ ते सव्वानऊ या पूर्वसत्राची रचना पाहिली. सव्वानऊला खरे व्यवहार सुरू होतात ते दुपारी साडेतीनपर्यंत. हे सव्वासहा तास वाशीच्या ब्रोकर कार्यालयात, सीवूड्समधल्या एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर, नेरूळ-खारघरच्या घरांत अर्थवाहिनी चालू असते. वाहिनीला हे सव्वासहा तास भरायचे असतात आणि कंपन्यांच्या बातम्या काही तितक्या नसतात. तिमाही निकाल ठरावीक आठवड्यांत येतात, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण दोन महिन्यांतून एकदा. उरलेली जागा पाहुण्या तज्ज्ञांच्या शिफारशींनी भरते : शेअरचे नाव, आत्ताचा भाव, टार्गेट, स्टॉप लॉस. या शिफारशी बरोबर ठरतात की चूक, याचा वाद नेहमीच होतो. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चालू बाजारात शेअरचे नाव उच्चारले की त्याचा भाव हलतो. म्हणजे तज्ज्ञाने ज्या भावाला 'घ्या' म्हटले, तो भाव ऐकणाऱ्याला मिळतच नाही.

हा अंदाज नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. अमेरिकेत सीएनबीसीवर 'मॉर्निंग कॉल' आणि 'मिडडे कॉल' अशी सदरे चालत आणि बाजार सुरू असतानाच त्यांत विश्लेषकांची मते सांगितली जात. जेफ्री बुसे आणि क्लिफ्टन ग्रीन या अभ्यासकांनी त्यांचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडला आणि तो 2002 साली प्रसिद्ध झाला. नाव उच्चारल्यावर काही सेकंदांतच भाव हलू लागे आणि अनुकूल मत एका मिनिटात भावात पूर्ण मुरून जाई. पहिल्या मिनिटात सौद्यांची संख्या दुप्पट होई. 'मिडडे कॉल'मधल्या अनुकूल मतावर थोडाफार नफा मिळे तो पंधरा सेकंदांच्या आत खरेदी करणाऱ्यांना. आपल्याकडे उपग्रहावरून येणारे चित्र काही सेकंद उशिरा पोचते, मोबाइलवरचे त्याहून उशिरा. मग अॅप उघडायचे, शेअर शोधायचा, संख्या भरायची. पंधरा सेकंद तिथेच संपतात. दुसरीकडे मोठ्या संस्थांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवलेले असतात. या शर्यतीत घरच्या प्रेक्षकाने उतरण्यात अर्थच नाही.

शर्यत सुरू होण्याआधीच कोणी पुढे निघून गेलेला असेल, तर गोष्ट आणखी गंभीर होते. वाशीच्या फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरवण्याची जुनी रीत आहे. तिच्यावर टीका होते ती याचसाठी की भाव बोटे दाबणाऱ्या दोघांनाच कळतो आणि माल पिकवणारा बागायतदार बाहेर राहतो. दूरचित्रवाणी या रितीच्या अगदी उलट, सगळे उघड्यावर चालणारे माध्यम वाटते. पण शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे दोन अंतरिम आदेश वाचले की ही समजूत डळमळते. जानेवारी 2021 च्या आदेशात सीएनबीसी आवाजवरच्या 'स्टॉक 20-20' या कार्यक्रमाचा संदर्भ आहे. ज्या शेअरची शिफारस होणार, तो सूत्रसंचालकाच्या कुटुंबीयांच्या खात्यांतून आदल्या दिवशी घेतला गेला आणि शिफारशीच्या दिवशी विकला गेला, असे सेबीने प्रथमदर्शनी म्हटले आणि सुमारे 2.95 कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी 2024 चा आदेश झी बिझनेसवरील काही पाहुण्या तज्ज्ञांबाबत होता. शिफारशी प्रसारणाआधीच काही जणांना कळवल्या जात आणि ते प्रेक्षकांच्या खरेदीत आपला माल विकून मोकळे होत, असा तिथला आरोप होता आणि रक्कम 7.41 कोटी रुपयांची. हे त्या वेळचे अंतरिम निष्कर्ष होते, हे विसरता कामा नये. तरीही नफ्याची तऱ्हा दोन्हीकडे एकच दिसते. शेअर चांगला की वाईट, याच्याशी त्या नफ्याचा संबंध नव्हता. प्रेक्षक धावतील, एवढीच खात्री पुरेशी होती.

यावर म्हटले जाते की नियम आहेतच. सेबीच्या 2014 च्या नियमावलीनुसार संशोधन विश्लेषकाला नोंदणी लागते, त्यासाठी एनआयएसएम या सेबीनेच स्थापलेल्या संस्थेची परीक्षा द्यावी लागते आणि शिफारस केलेल्या शेअरमध्ये स्वतःचे हितसंबंध असतील तर ते जाहीर करावे लागतात. ही व्यवस्था मला आवश्यक वाटते. मात्र परीक्षेने ज्ञान तपासले जाते, जाहीर निवेदनाने मालकी कळते. आज दुपारी मी काय बोलणार हे मी काल कोणाला सांगितले, याचा उलगडा या दोन्हींतून होत नाही. तो सेबीला नंतर खात्यांचे आणि संदेशांचे माग काढूनच करावा लागतो आणि तोवर प्रेक्षकाचे पैसे गेलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेची रोजची उलाढाल इतकी प्रचंड असते की एका कार्यक्रमाने तिथे विशेष काही हलत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच माझे म्हणणे मुख्यतः लहान, कमी उलाढालीच्या शेअरना लागू होते. या वाहिन्यांनी 2004-05 पासून हिंदीतून बाजार सामान्य घरात आणला, हेही मान्य केले पाहिजे. त्याआधी अनेकांना बातमी कळायची ती दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून नाहीतर ब्रोकरच्या फोनवरून. सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासात 2022-23 मध्ये रोखीच्या बाजारात इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात खरेदी-विक्री, करणाऱ्या दहांपैकी सात व्यक्तींना तोटा झाल्याचे दिसले. त्याचे खापर मी वाहिन्यांवर फोडणार नाही, तसा पुरावा त्या अभ्यासात नाही. पण बातमी देणे आणि चालू बाजारात 'आत्ता घ्या' म्हणणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि पहिल्याचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही.

माझी सूचना मर्यादित आहे. सव्वानऊ ते साडेतीन या वेळात निकाल, घडामोडी, कंपनीप्रमुखांच्या मुलाखती, भाव का हलला याची चर्चा, सारे खुशाल चालावे. लहान कंपन्यांच्या शेअरच्या खरेदी-विक्रीच्या शिफारशी तेवढ्या बाजार बंद झाल्यावर द्याव्यात. यालाही उत्तर आहे. अमेरिकेतला जिम क्रेमर यांचा 'मॅड मनी' हा कार्यक्रम बाजार बंद झाल्यावरच होतो, तरी त्यातल्या शिफारशींमुळे रातोरात भाव चढतात आणि पुढच्या काही महिन्यांत ती चढण उतरते, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे वेळ बदलल्याने भाव फुगायचा थांबत नाही आणि आदल्या दिवशी माल भरून ठेवणाऱ्यालाही पूर्ण आळा बसत नाही. फरक पडतो तो प्रेक्षकाच्या बाजूने. रात्रभर त्याला कंपनीचा ताळेबंद उघडायला वेळ मिळतो आणि सकाळी पूर्वसत्रात सगळ्यांच्या मागण्या एकत्र होऊन एकच भाव निघतो. त्या सत्रात त्याने स्वतःची मर्यादा घालून मागणी नोंदवली, तर भाव तिच्या वर गेल्यास सौदाच होत नाही. चालू बाजारात, घाईने, मिळेल त्या भावाला खरेदी करणाऱ्याला हे संरक्षण नसते.

(पुढील लेखांकात : कंपनीचा तिमाही निकाल वाचताना आधी कोणता आकडा पाहावा)