आधी विचारावं लागतं

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टॅलक्वा ही चेरोकी नेशनची राजधानी. पाट्यांपासून फोनच्या मेन्यूपर्यंत हरतऱ्हेचा इंग्रजी मजकूर इथल्या भाषांतर विभागाकडे येतो. मजकूर चार शब्दांचा असला तरी काम सुरू होतं ते चौकशीने.

‘ते मला दे’ हेच घ्या. काय द्यायचंय? चेरोकीत देणं, उचलणं, धरणं अशी क्रियापदं वस्तूप्रमाणे बदलतात. मांजर मागताना एक रूप, सदऱ्यासारख्या मऊ वस्तूला दुसरं, काठीला तिसरं, पाण्याला चौथं आणि दगडासारख्या घट्ट वस्तूला पाचवं. इंग्रजी वाक्यात याचा पत्ताच नसतो. ‘काल रात्री पाऊस पडला’ याचंही तेच. सांगणाऱ्याने तो स्वतः अनुभवला, की सकाळी ओली जमीन पाहून म्हणतोय? आपल्याकडे ‘पडला म्हणे’ असं म्हटलं तर म्हटलं. चेरोकीत हा फरक क्रियापदाच्या शेवटीच येतो. इंग्रजी ‘वी’साठी ‘आम्ही’ की ‘आपण’ हा पेच मराठी भाषांतरकाराच्या ओळखीचा. चेरोकीत शिवाय माणसं दोनच की जास्त, हेही ठरवावं लागतं. ही चोखंदळ भाषा मला फार आवडते. तिच्यात मोघम बोलून सुटताच येत नाही.

या भाषेची लिपी सिक्वोया यांची. इंग्रजी वाचता न येणाऱ्या या चेरोकी माणसाने 1821च्या सुमारास प्रत्येक उच्चारखंडाला स्वतंत्र चिन्ह दिलं. आज 85 चिन्हं वापरात आहेत. काना-मात्रा नाहीत, त्यामुळे ‘मा’ आणि ‘मी’ यांच्या आकारांत काहीच साम्य नाही. 1828मध्ये या लिपीत आणि इंग्रजीत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघालं. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकी सैन्याने यांतल्या बहुतेकांना जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून हुसकावलं. वाटेत हजारो मेले. लिपी मात्र त्यांच्यासोबत ओक्लाहोमात पोचली आणि 2010मध्ये आयफोनवरही आली. ईमेलला भाषांतरकारांनी शब्द योजला, त्याचा अर्थ आभाळात चमकणाऱ्या ‘विजेचा कागद’.

2019मध्ये अस्खलित बोलणारे दोन हजारांच्या आसपास उरले होते, बहुतेक वयस्कर. चेरोकींची आज तीन शासनं आहेत; त्या तिन्हींनी त्याच वर्षी भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. मुलांना पूर्णपणे चेरोकीतून शिकवणाऱ्या शाळांना पुस्तकं हवी असतात, म्हणून नॉर्थ कॅरोलिनातच राहिलेल्या चेरोकींनी ‘शार्लट्स वेब’ ही जाळं विणणाऱ्या कोळिणीची आणि डुकराच्या पिल्लाची अख्खी कादंबरी आपल्या भाषेत आणली.