लॉनला टाटा, बाय बाय!

टीव्ही सिरियलमधला बंगला आठवा. गेट उघडतं, गाडी आत येते आणि दोन्ही बाजूंना इस्त्री केल्यासारखं हिरवंगार लॉन! त्यावर पांढऱ्या खुर्च्या, चहाचा ट्रे आणि भांडणारं कुटुंब. ‘स्वतःचं घर’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात हाच वॉलपेपर सेट असतो. सध्या वन बीएचकेच्या ईएमआयखाली दबलेले असू, पण गावाकडे वडिलोपार्जित जागा असेल तर स्वप्न लगेच गुंठ्यांत मोजायला लागतो आपण.

आमची जागा वीस गुंठे. सोलापूरहून अक्कलकोट रोडला जरा आत. आजोबांनी लावलेले सात कडुनिंब, एक भलीमोठी चिंच, दोन बोरी, कुंपणाला आपोआप उगवलेले हिवर आणि सीताफळं. शिवाय एक विहीर. ती मार्चपर्यंत साथ देते आणि मेमध्ये हात वर करते. बाबा रिटायर झाले, तिथे त्यांनी छोटंसं घर बांधलं आणि मग विषय निघाला, बाहेरचं काय करायचं?

एका लँडस्केपवाल्याला बोलावलं. त्याने लॅपटॉपवर झकास थ्री-डी चित्र दाखवलं. आठ गुंठे मेक्सिकन लॉन, कडेने पाम, मधोमध कारंजं. चित्रात आमची चिंच कुठेच नव्हती. विचारलं तर म्हणाला, ‘‘साहेब, सावलीत लॉन धरत नाही. चिंच आणि चार लिंब काढायला लागतील.’’

आई काही न बोलता आत निघून गेली. मामंजींनी लावलेलं झाड म्हणजे तिच्यासाठी घरातलंच माणूस. बाबा मात्र खरोखर विचारात पडले. उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत आणि क्वार्टर्समध्ये काढलेला माणूस. त्यांना एकदाचं ‘बंगल्यासारखं’ दिसणारं घर हवं होतं, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही.

मी पुण्यात एक्सेल शीट भरून पोट भरतो. त्यामुळे भावनेत न शिरता हिशेब मांडला. सोप्पं गणित आहे, तुम्हीही करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आठ गुंठे म्हणजे साधारण 800 चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज किमान पाच मिलिमीटर पाणी लागणार. म्हणजे दिवसाला चार हजार लिटर! जवळजवळ रोज एक टँकर. तोही अशा शहराच्या वेशीवर, जिथे उजनी धरण भरलं तरी नळाला कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलंय. शेजारी घागरी भरून ठेवतायत आणि आपण गवताला आंघोळ घालतोय. कसं वाटेल?

बाबांनी कागद दोनदा वाचला. ‘‘टँकरचे पैसे कोण देणार, तू?’’ एवढंच म्हणाले. लॉनचा निकाल तिथेच लागला.

आणि बाय द वे, झाड ‘काढणं’ म्हणजे फर्निचर हलवणं नव्हे. शहरी हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा आहे, परवानगी लागते. हद्दीबाहेर 1964 चा वृक्षतोड कायदा लागू होतो आणि त्याच्या यादीत आंबा, चंदन यांच्याबरोबर चिंचही आहे. लँडस्केपवाल्याने हे अवाक्षरानेही सांगितलं नव्हतं.

सोलापुरी फंडा

मग करायचं काय? उत्तरासाठी परदेशी गार्डनिंग मासिकं चाळायची गरज नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 साली सुरू झालं. कमी पावसात ज्वारी कशी जगवायची यावर तिथे अख्ख्या आयुष्याचं काम झालंय. त्यातून जी पद्धत तयार झाली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणतात (सोलापूरच्या वाट्याला नाव कधी येतच नाही म्हणा). तिचं सार असं : पडलेला पाऊस बांध घालून शेतातच अडवा, जमिनीचा वरचा थर झाकून ओल टिकवा आणि रोपं विरळ लावा. शेतातून हे उचला आणि अंगणात ठेवा, झालं तुमचं लँडस्केपिंग!

इथे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. ऐकायला कमी वाटतं. पण हजार चौरस फुटांच्या छतावर तेवढाच पाऊस म्हणजे पन्नास हजार लिटर! थोडं वाया गेलं तरी चाळीस हजार हाती लागतं. आम्ही छताचे पाइप थेट गटारात न सोडता गाळणी लावून विहिरीकडे वळवले. जागेला हलका उतार होता, त्याला आडवे असे वीतभर उंचीचे तीन बांध घातले. दिसायला ते वळणदार फूलवाफे, कामाला शेतातले बांध.

खरी गंमत मात्र कडुनिंबांखाली आहे. पानगळ सुरू झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणात पिवळा गालिचा पसरतो. सोलापुरात घरोघरी सकाळी तो झाडून, ढीग करून पेटवायची पद्धत. धूर, खोकला आणि फुकटचं खत राख. आम्ही तो पाला झाडांखालीच तीन-चार बोटं जाड पसरतो. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल कुजते. पाला कमी पडला तर उसाचं पाचट. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. मात्र घराच्या भिंतीला पाचट लावू नका, वाळवीला आमंत्रण कशाला?

झाडाच्या मुळांचं एक लक्षात ठेवा. अन्न-पाणी घेणारी बरीच मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. म्हणून बुंध्याभोवती मातीचा ढीग, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालणं म्हणजे झाडाचा गळा हळूहळू आवळणं. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी वाळायला लागतं आणि आपण म्हणतो कीड लागली. बाबांना चिंचेखाली पार हवा होता. तो केला, पण सिमेंट न वापरता, नुसते दगड रचून आणि बुंध्यापासून चांगला लांब. पायवाटांना मुरूम आणि मध्ये शहाबादी फरशीचे तुकडे, फटी मोकळ्या. शहाबाद इथून जवळच, म्हणून ही फरशी आमच्याकडे स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत सगळीकडे असते. अंगणातही ती उपरी वाटत नाही.

सावलीत काय लावलं? अडुळसा, शतावरी, कोरफड, तगर. दोन लिंबांवर गुळवेल सोडला, कारण लिंबावरचा गुळवेल औषधाला उत्तम मानतात आणि बाबांना रिटायरमेंटनंतर आयुर्वेदाचा छंद लागलाय! उन्हाच्या बाजूला पारिजातक, कण्हेर आणि डाळिंब. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच सोलापूरला, केगावात आहे म्हटल्यावर ते हवंच. कुंपणाला करवंद आणि सागरगोटा. या काटेरी जोडीपुढे शेळी काय, चोरही विचार करेल. कण्हेर विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर टाळा. आणि लावणी जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतरच. एरवी नर्सरीवाला काहीही सांगो, सोलापूरच्या एप्रिलमध्ये लावलेलं रोप म्हणजे उपाशी माणसाला मॅरेथॉनला पाठवणं.

काढलं काय, हेही सांगतो. वेडी बाभूळ, घाणेरी आणि काँग्रेस गवत. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट जोमाने फुटते, मुळापासून उकरावी लागते. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मजुरी यावरच गेली. पण हिवर आणि बोरी ठेवल्या, थोड्या फांद्या वर उचलून छाटल्या. त्यांच्या खालून आता पार शेतापर्यंत नजर जाते.

नान्नजचं गवत

एक उघडा, उन्हाचा तुकडा उरला होता. त्यासाठी मॉडेल मिळालं नान्नजला. माळढोक अभयारण्य म्हणून 1979 मध्ये जाहीर झालेला हा परिसर शहरापासून फार लांब नाही. लोक पक्षी शोधायला जातात, मी गवत बघत बसलो. श्रावणात हिरवं, दिवाळीला सोनेरी, वाऱ्याबरोबर लाटा. कोणी पाणी घालत नाही, कोणी मशीन फिरवत नाही. माळरानाला ‘पडीक’ समजून त्यावर झाडं लावत सुटणं किती चुकीचं, हेही तिथेच पटतं. माळढोकाला जंगल नको असतं, मोकळं गवत हवं असतं.

तर त्या तुकड्यावर आम्ही मारवेल लावलं. पावसाळ्यात ठोंब लावायचे, दोन निंदण्या करायच्या, पुढे वर्षातून एकदा बी पडून गेल्यावर कापणी. कापलेलं गवत शेजारचा गवळी घेऊन जातो. घराजवळचा पट्टा मात्र गवत वाळायच्या आत कापतो, आगीची भीती नको.

बाबांचं लॉन? आहे ना! व्हरांड्यासमोर तीनशे चौरस फूट, साध्या हरळीचं. त्याला दिवसाला दीडशे लिटर पुरतं, आणि ते आंघोळीच्या आणि कपडे धुतल्याच्या पाण्यातून निघतं. पांढऱ्या खुर्च्याही ठेवल्यात. गणपतीला दूर्वा तिथूनच जातात.

आता तक्रारींचं. आमचा चुलतभाऊ पहिल्यांदा आला आणि गेटातूनच ओरडला, ‘‘काय बे, घर केलायस का रान ठेवलायस?’’ आईची धास्ती वेगळी, साप. ती उगाच नाही. या भागात घोणस आहे, आणि पाल्यात ती दिसत नाही. त्यामुळे घराभोवती सहा फुटांचा पट्टा पूर्ण साफ, फक्त मुरूम. सरपण आणि दगडांचे ढीग भिंतीपासून लांब. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट कम्पल्सरी, अगदी पार्टी असली तरी!

कामाचं म्हणाल तर माळीकाका आठवड्यातून एकदा येतात. मी महिन्यातून एकदा ‘हुतात्मा’ने जातो आणि रविवारी बांध नीट करणं, गुळवेल वळवणं असली किरकोळ कामं करतो. गेल्या मेमध्ये विहीर आटलीच, पण टँकर दोनच लागले आणि तेही घरासाठी. यंदा चिंच भरपूर लागलीय. बाबा पारावर बसून ती फोडतात आणि आलेल्या प्रत्येकाला पिशवी भरून देतात, नको म्हटलं तरी.