दातांची चकली कुठे बसवायची?

रशियातील उरल पर्वताच्या परिसरात एक चमत्कारिक जीवाश्म मिळाला. आकार चकलीसारखा आणि वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेने ओळीने दात! भूशास्त्रज्ञ अलेक्झांडर कार्पिन्स्की यांनी १८९९ साली या प्राण्याचे नाव ठेवले ‘हेलिकोप्रिऑन’, म्हणजे सर्पिल करवत. सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर अवतरण्याच्याही आधी, हा मासा समुद्रात वावरत होता.

दात मिळाले, पण बाकीचा मासा कुठे गेला? आपल्या कानाचा वरचा भाग वाकवून पाहा. सोडला की तो पुन्हा पूर्ववत होतो, कारण त्यात हाड नसते, कूर्चा असते. शार्क, पाकट यांचा सगळा सांगाडाच कूर्चेचा असतो. हेलिकोप्रिऑनचाही तसाच होता. मेल्यानंतर कूर्चा सहसा नष्ट होते. टणक दात तेवढे उरतात.

मग ही चकली शरीरात होती तरी कुठे? कार्पिन्स्कींनी ती मुस्कटावर सोंडेसारखी वर वळलेली दाखवली. इतरांनी ती पाठीच्या परावर, शेपटीवरही बसवून पाहिली.

उलगडा झाला तो अमेरिकेतील आयडाहो राज्यात मिळालेल्या एका नमुन्यामुळे. त्यात दातांसोबत जबड्याची कूर्चाही टिकून होती. १९६६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तरी बराच भाग खडकात दडलेला होता. २०१३ साली सीटी स्कॅनने तो खडक न फोडता पाहता आला. चकली खालच्या जबड्यात, मधोमध होती! शार्कचे जुने दात गळून पडतात. येथे मात्र मागे नवे, मोठे दात येत आणि जुने पुढे सरकून खाली गुंडाळले जात. म्हणजे चकलीच्या मध्याशी असलेले चिमुकले दात त्या माशाच्या बालपणीचे! दातांची झीज फारशी दिसत नाही. त्यावरून तो माकुलासारखे मऊ भक्ष्य खात असावा. जबड्याच्या रचनेवरून त्याचे जवळचे नाते शार्कशी नसून कायमेरा या माशांशी असल्याचेही दिसले.

वर्गात मुलांना फक्त चकलीचे चित्र दाखवा आणि पूर्ण मासा काढायला सांगा. चकली तिथेच का बसवली, हे प्रत्येकाला विचारा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा: कोणता पुरावा मिळाला, तर तू तुझे चित्र बदलशील?